भेगेवरची काच

गुरुसिद्धआण्णांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. काच मधोमध तडकलीच होती.

वीतभर लांबीची ही पट्टी मे महिन्यात वर्षाराणी मॅडमनी आण्णांच्या दुकानातल्या भिंतीच्या भेगेवर आडवी चिकटवली होती. शेटे बिल्डिंग पाडायची नोटीस लागली होती, आणि मॅडम आर्किटेक्ट. त्यांना ती जुनी इमारत वाचवायची होती. "काका, पावसाळाभर काच शाबूत राहिली तर भिंत हलत नाही म्हणायची. मग खालच्या बाराही दुकानांना कुणी हात लावणार नाही. तडकली, तर मात्र माझ्याच्यानं काही व्हायचं नाही," असं बजावून त्या गेल्या होत्या. आणि उद्या सकाळी त्या बघायला येणार होत्या.

चाळीसेक वर्षं या सागवानी खांबांमागं, दगडी कमानीत बसून आण्णांनी अर्ध्या कोल्हापूरच्या तसबिरी मढवल्या होत्या. इथून उठवलं तर या वयात जायचं कुठं? आणि काच कापणं तर त्यांच्या डाव्या हातचा मळ. तशीच पट्टी कापली, प्लास्टरमध्ये बसवली, कोपऱ्यात मॅडमची तारीखही हुबेहूब काढली. तडकलेले तुकडे कागदात गुंडाळून खणात टाकले. देवालासुद्धा कळलं नसतं.

पण भीती काही खणात बसेना. जिन्यावरून कुणी धाडधाड उतरलं की आण्णा हातोडी तशीच धरून छताकडे बघायचे. त्याच भिंतीला बाहेरून पाठ लावून फुलवाली तानाबाई बसायची.

"तानाबाई, जरा पलीकडं बस की."

"का वं? इतकी वरसं हितंच बसलीया. आजच काय झालं?"

"ऊन येतंय तुझ्यावर."

"आभाळ भरलंय की! याड लागलं काय आण्णा तुमास्नी?"

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बॅटरी मारून काच पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. "शाबूत आहे काका! वाचली आपली बिल्डिंग." शेजारचे दुकानदार जमले. कुणी पेढे आणायला पळालं. तानाबाईनं मॅडमच्या हातात सोनचाफा ठेवला.

"लई झ्याक झालं बगा. आता माझ्या मागं नातीला बी हितंच बसवती."

मॅडम कागदावर लिहू लागल्या, तेव्हा आण्णांनी खण ओढला आणि पुडी त्यांच्यासमोर उघडली.

"ही तुमची काच. काल तडकली. भिंतीवरची मी बसवलीया."

मॅडमचं पेन थांबलं. पेढ्याचा पुडा घेऊन आलेला दारातच उभा राहिला.

आण्णा बाहेर आले. तानाबाईची फुलांची पाटी उचलून त्यांनी रस्त्यापलीकडे नेऊन ठेवली.

"अवो, हितं कोण गिऱ्हाईक येणार?" ती ओरडत मागून आली.

तिचं बसायचं पोतं तिकडंच राहिलं होतं. ते आणायला आण्णा पुन्हा भिंतीकडे गेले.