सातवं बूच

टेबलावर एक कॅन, सहा बाटल्या आणि सात बुचं होती. जास्तीचं बूच सरांनी स्वरूपाकडे सांभाळायला दिलं होतं. तेवढंही तनुजाला सलत होतं.

पुनावळ्याच्या प्रयोगशाळेत समुद्र असा टेम्पोतून, मालवणहून यायचा. दोघींनी तीन-तीन बाटल्या भरायच्या. कॅनची क्षारता सरांनी आधीच मोजली होती. जिची सरासरी त्या आकड्याच्या जवळ, तिला संशोधन जहाजावरची एकुलती एक जागा.

स्वरूपाचं आजोळ मालवणचं. भरती केव्हा लागेल ते ती पंचांगातली तिथी बघून सांगायची आणि सर मान डोलवायचे. तनुजा कुरुळीची, समुद्र तिने पाहिला तो शाळेच्या सहलीत, एकदाच. तिने हा विषय घेतला तेव्हा तिचे आजोबा ज्ञानदेव म्हणाले होते, "समिंदर काय आपल्या बांधाला लागून हाय व्हय गं?" भरतीची कोष्टकं तिने रात्र रात्र जागून पाठ केली. स्वरूपाला ती आयती आली होती.

स्वरूपाने पहिली बाटली घेतली आणि डिस्टिल्ड वॉटरने खळखळून धुतली. उन्हाळ्यात ती चाकणच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये होती. तिथला हात बसलेला. समुद्राच्या पाण्याची बाटली मात्र त्याच पाण्याने तीनदा विसळायची असते, नाहीतर आत राहिलेले गोडे थेंब क्षारता उतरवतात. तनुजाने ते पाहिलं. बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

स्वरूपाच्या तिन्ही बाटल्या भरून झाल्या. तनुजाने आपल्या तीन-तीनदा विसळून भरल्या, तरी कॅनमध्ये तीन बाटल्या पुन्हा भरतील इतकं पाणी उरलं. तिने शेवटची बाटली ओतून टाकली, चौथ्यांदा विसळली, पाचव्यांदा, सहाव्यांदा, पुन्हा भरली, आणि उरलेलं सगळं मोरीत सोडलं.

"तनू, तुझं हे बूच चिरलंय गं," स्वरूपा म्हणाली. "रात्रभरात पाणी उडेल, आकडा चढेल. हे घे." तिने सातवं बूच पुढे केलं.

तनुजाने ते घेतलं आणि घट्ट बसवलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सरांनी फळ्यावर कॅनची क्षारता लिहिली: ३५.१२. खाली दोघींच्या सरासऱ्या. तनुजा ३५.११. स्वरूपा ३४.८६.