प्रागमधले दोन दिवस

'रविवारी जेवायला ये' असा सुलेखाकाकूंचा फोन आला, तेव्हा उत्कर्षाला नाही म्हणायला एकही कारण सुचलं नाही. जर्मनीतलं एक्स्चेंजचं सेमिस्टर संपवून ती आणि काकूंची ऋता सिंगापूरला परतून पंधरा दिवस झाले होते. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. तरी या पंधरा दिवसांत त्या एकदाही भेटल्या नव्हत्या. का, ते दोघींनाच ठाऊक होतं.

गोष्ट मार्चमधली. वर्गातल्या पाच जणांनी वीकेंडला प्राग आणि व्हिएन्ना करायचं ठरवलं. बेत सगळा अभयचा. बसची तिकिटं, हॉस्टेल, कुठे काय खायचं, सगळं त्याने फोनमध्ये मांडून ठेवलं होतं. शनिवारी दुपारी प्रागच्या गर्दीने भरलेल्या ट्राममधून उतरल्यावर ऋताच्या लक्षात आलं, खांद्यावरची बॅग उघडी आहे आणि आतलं पाकीट गेलंय. पासपोर्ट, बँकेचं कार्ड, जर्मनीचं विद्यार्थ्याचं कार्ड, सगळं त्यातच. पोलीस चौकीत तक्रार लिहून घ्यायला भली मोठी रांग होती. भारतीय दूतावास सोमवारपर्यंत बंद. आणि व्हिएन्नाची बस चार वाजता.

"सगळ्यांनी थांबून काय होणार?" अभय म्हणाला. "एकीमुळे पाच जणांची ट्रिप बुडायची."

ऋता बाकावर बसली होती. "तुम्ही जा. मी करते मॅनेज," ती म्हणाली. कुणीतरी 'छे, काहीतरीच काय' म्हणेल, या आशेने माणूस जसं म्हणतो तसं म्हणाली. उत्कर्षाला ते नीट कळलं. कळूनही तिने ऋताच्या हातात आपली पॉवर बँक ठेवली, थोडे युरो दिले आणि म्हणाली, "फोन कर हं, काही लागलं तर."

बस सुटली तेव्हा तिला वाईट वाटत होतं. व्हिएन्नात पोचेपर्यंत ते कमी झालं. रविवारी तिने चॉकलेट केक खाल्ला, राजवाड्यापुढे फोटो काढले. दुपारी 'ठीक आहेस ना?' असा मेसेज टाकला. उत्तरादाखल अंगठा आला. मंगळवारी ऋता वर्गात दिसली. तिने पॉवर बँक परत केली, थँक्यू म्हणाली आणि वेगळ्याच रांगेत जाऊन बसली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडली नाही, आणि उत्कर्षानेही विषय काढला नाही.

सिंगापूरच्या हौगांग भागातल्या फ्लॅटचं दार काकूंनी उघडलं आणि उत्कर्षाला जवळच घेतलं. ऋताचे बाबा जहाजावर इंजिनिअर, वर्षातले सात महिने समुद्रावर. त्यामुळे घरात या दोघीच. टेबलावर अळूवड्या, मसालेभात, श्रीखंड असा थाट. ऋता पाण्याचे ग्लास मांडत होती. "हाय," ती म्हणाली आणि परत आत गेली.

उत्कर्षाने पहिला घास घेतला तोच काकू म्हणाल्या, "ऋताने मला सगळं सांगितलं हो प्रागचं."

घास तोंडातच राहिला.

"मागच्या आठवड्यात नवा पासपोर्ट माझ्या हातात पडला, तेव्हा कुठे बाईसाहेबांचं तोंड उघडलं. पाकीट चोरीला गेलं म्हणे, आणि बाकीचे पुढे निघून गेले. पण तू तिच्यासाठी थांबलीस. दोन दिवस तिच्याबरोबर वणवण केलीस. आजकाल कोण करतं गं एवढं?"

उत्कर्षाने ऋताकडे पाहिलं. ऋता खाली मान घालून कोशिंबीर वाढत होती.

काकू उठून आत गेल्या आणि अबोली रंगाची साडी घेऊन आल्या. "पुण्याहून मागवलीय. नाही म्हणायचं नाही. तू नसतीस तर माझ्या पोरीचं काय झालं असतं, या विचाराने जीव उडतो माझा." त्यांनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं. साडी मांडीवर आली आणि उत्कर्षाच्या कानशिलांपर्यंत ऊन ऊन रक्त चढलं. गप्प बसणं अगदी सोपं होतं. ऋतालाही तेच हवं होतं, हे दिसतच होतं.

"काकू, मी थांबले नव्हते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी गेले व्हिएन्नाला. सगळ्यांबरोबर. ऋता एकटीच होती."

"उत्कर्षा, नको ना," ऋता सिंगापुरी हेल काढत हळूच म्हणाली. "आई, ऐया, सोड ना आता. झालं ते झालं लाह."

काकूंनी उत्कर्षाला एक शब्दही विचारला नाही. त्या लेकीकडे वळल्या. "दोन रात्री? कुठे झोपलीस?"

ऋताने हातातला वाढायचा चमचा खाली ठेवला. मग बोलायला लागली. पासपोर्टशिवाय हॉस्टेलने खोली दिली नव्हती. पहिली रात्र तिने स्टेशनवर काढली, बॅगेचा पट्टा मनगटाला गुंडाळून. एक माणूस सारखा शेजारी येऊन बसायचा, म्हणून तीनदा जागा बदलली. रविवारी एका नेपाळी खानावळीत सूप मागितलं आणि तिथेच रडू फुटलं. तिथल्या बाईने तिला आपल्या घरी नेलं, आपल्या मुलींच्या खोलीत झोपवलं आणि सोमवारी दूतावासाच्या दारापर्यंत सोडलं.

उत्कर्षा हे सगळं पहिल्यांदाच ऐकत होती. चार महिने एकाच इमारतीत राहून, एकाच स्वयंपाकघरात चहा करून, तू कुठे झोपलीस एवढं साधं तिने कधी विचारलं नव्हतं. ऋताला एकटं सोडलं याची लाज तिने इतके दिवस बाळगली होती. आपण हे विचारलंसुद्धा नाही, याची लाज तिला आज पहिल्यांदा वाटली, आणि ती जास्त खोल गेली.

काकू ऋताचं डोकं छातीशी धरून बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले. "जेव तू," त्या उत्कर्षाला म्हणाल्या, "गार होतंय." आवाजात राग नव्हता. मघाची मायाही नव्हती. तिने कसंबसं ताट संपवलं. साडी खुर्चीवर ठेवली, ती घेऊन जा असं कुणी म्हणालं नाही.

लिफ्टपाशी ऋता सोडायला आली. "जर्मनीतल्या त्याच युनिव्हर्सिटीत मास्टर्सची ॲडमिशन मिळालीये मला," ती म्हणाली. "प्रागला तू माझ्याबरोबर होतीस असं सांगितलं म्हणून आई हो म्हणत होती. आता काय म्हणेल, देव जाणे."

"मला माहीत नव्हतं गं."

"विचारलं कुठे होतंस?"

लिफ्ट आली. उत्कर्षाला सॉरी म्हणायचं होतं. ते तिने चार महिन्यांत पहिल्यांदा म्हटलं, तेव्हा दार निम्मं मिटलं होतं. ऋताने मान हलवली, एवढं तिला दिसलं.

काकूंनी आठवडाभर विचार केला आणि परवानगी दिली. दोन रात्री जिने निभावल्या ती दोन वर्षंही निभावेल, असं त्या म्हणाल्याचं उत्कर्षाला आपल्या आईकडून कळलं. सप्टेंबरमध्ये ऋता निघाली. त्या सकाळी उत्कर्षाने बेडोकच्या आपल्या घरी, खोलीत बसून तिला एक लांबलचक मेसेज लिहिला. मग तो पुसून एवढंच विचारलं, "तिथे उतरल्यावर राहायची सोय झाली आहे ना?"

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. या वेळी अंगठा नव्हता. ऋताने खोलीचा पत्ता पाठवला होता, आणि खाली न विचारताच लिहिलेले दोनच शब्द: खिडकी गळतेय.