फुकटच्या उबेने भिजलेली भिंत

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. वेल्सच्या किनाऱ्यावर, टेकडीवरच्या एका घराची पश्चिमेची बाजू मी नव्वद वर्षे सांभाळते आहे. मी दिसते एक, पण आहे दोन. बाहेर विटा, आत विटा आणि मध्ये तीन बोटांची पोकळी. समुद्रावरचा पाऊस इथे आडवा झोडपतो. बाहेरच्या विटांतून झिरपलेले पाणी पोकळीत ओघळते आणि वाऱ्याने वाळते. मला बांधणाऱ्या गवंड्यांनी ती पोकळी विसरून ठेवलेली नव्हती.

घरात नेरिसबाई एकट्याच राहतात. शाळेत स्वयंपाक करून त्या निवृत्त झाल्या. थंडीत त्यांना जेमतेम एकच खोली तापवता येई. गरिबांची घरे गॅस कंपन्यांनी आपल्या खर्चाने उबदार करावीत असा सरकारी नियम निघाला, तेव्हा त्यांना केवढा आनंद झाला होता. कंपनीचा ठेकेदार माझी पोकळी भरायला आला. शेजारचे डिल्विन स्वतः जुने गवंडी. ते म्हणाले, "या भिंतीला पाऊस थेट लागतो. भरायच्या आधी नीट बघ तरी."

"काका, आज अजून पाच घरं उरकायचीत," ठेकेदार म्हणाला.

मला भोके पाडली आणि पोकळीत ऊब धरून ठेवणारा लोकरीसारखा कापूस ठासला. दोन तासांत काम संपले. फोटो, सही, आणि माणसे गेली.

नोव्हेंबरची वादळे आली तसा तो कापूस पाणी प्यायला आणि तसाच भिजून राहिला. ओल आत उतरली. नेरिसबाईंच्या पलंगामागे काळी बुरशी चढली. त्यांना खोकला लागला. शेगडी पूर्वीपेक्षा जास्त वेळ जळू लागली.

कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "बाई, तुम्ही घरात कपडे वाळवत असाल."

"चाळीस वर्षं वाळवतेय. तेव्हा कुठं रडत होती भिंत?"

ठेकेदाराने तोवर दुकानच गुंडाळले होते. मग डिल्विननी माझी एक वीट काढली, आतला ओला गोळा पिशवीत घातला, आणि दोघे बसने शहरात गेले. तिथे एका सभेत कंपनीचे साहेब लोकांना अहवाल वाटत होते. नऊ हजार घरे उबदार केली, असे त्यात छापले होते. नेरिसबाईंनी तो गोळा अहवालावर ठेवला.

"पिळून बघा," त्या म्हणाल्या.

साहेबांनी कागद चाळले. "आमच्या यादीत तुमचं घर उबदार आहे."

"मग यादीतच राहायला येऊ का?"

सभा हसली. साहेब हसले नाहीत. तरीही कंपनीने कापूस उपसेपर्यंत चौदा महिने गेले. मी वाळले. नेरिसबाईंचा खोकला मात्र गेला नाही.

माझा राग कापसावर नाही. टेकडीच्या आडोशाला असलेल्या गल्लीत त्याच कापसाने घरे खरोखरच उबदार झाली. पैसा चांगल्या कामाचाच होता. पण किती घरे भरली, तेवढेच मोजले गेले. किती घरांत माणसे सुखाने झोपतात, हे विचारायला कुणी परत आले नाही. त्या नऊ हजारांतली किती माझ्यासारखी भिजली, हे आजही कुणाला ठाऊक नाही. याची मला चीड येते.

मित्रांनो, तुमच्यातले कुणी उद्या अशा योजना आखतील. घर बदलण्याआधी त्याच्या भिंतीला विचारा. आणि काम झाल्यावर भर पावसाळी हिवाळ्यात परत या, आत बसा, आणि माझ्यावर आपला तळहात ठेवून पाहा.