धोंडिरामच्या नावाची कांब

१९८३ साली मुलुंडच्या आमच्या कारखान्यात शंभर माणसे पोलादाच्या पाच कांबींकडे श्वास रोखून पाहत होती. आठवड्यापूर्वी यंत्राचा दांडा तुटून आमच्यातल्याच जयवंतचा हात मोडला होता. दोषी हुडकण्यासाठी मालक चंद्रप्रकाश शेठनी दैवी कौल देणाऱ्या पोलादबाबांना पाचारण केले होते.

"लोखंड खोटं बोलत नाही, बच्चा! पाप्याची कांब तुटणार!" बाबा गरजले.

भट्टीखात्यातील पाच जणांच्या नावे बाबांनी स्वतः आणलेल्या कांबी एकेक करून पकडीत आवळल्या, प्रत्येकीवर कानशीने खोल रेघ ओढली आणि घण घातला. चार वाकल्या. धोंडिरामच्या नावाची काचेसारखी तुटली.

"उद्यापासून येऊ नकोस," शेठ म्हणाले.

"माजा पाप तुका खंय दिसला?" वीस वर्षे भट्टी सांभाळणारा धोंडिराम बाबांवर उसळला. "शेठ, मी जाणार नाही!"

तुटलेल्या दांड्याच्या तपासणीसाठी आलेल्या धातुतज्ज्ञ पद्मजाबाई पुढे झाल्या. त्यांनी कांबीचा तुकडा उचलला. तुटीवर खडीसाखरेसारखे दाणे चमकत होते.

"बाबा, हे पाप धुता येतं. तासभर थांबा."

त्यांनी तुकडा सव्वासहाशे अंशांवर तापवला, पाण्यात बुडवला, तेवढीच खोल रेघ ओढली आणि घण धोंडिरामच्याच हाती दिला. तुकडा वाकला, तुटला नाही.

"गंगास्नान घडलं रे!" कामगारांतला नंदू खदखदून हसला.

"निकेल-क्रोमियमनं पोलादाला बळ येतं," बाई म्हणाल्या. "पण ते पाचशे अंशांच्या आसपास रेंगाळलं, तर फॉस्फरससारखी अशुद्धी दाण्यांच्या सीमांवर साचते आणि पोलाद ठिसूळ होतं. काठिण्य तेवढंच राहतं, म्हणून कानशीला पत्ता लागत नाही. झटकन निववलं की हे टळतं. पोलादात थोडा मॉलिब्डेनम धातू मिसळला, तर तोही हे बरंच रोखतो. बाबांनी चार कांबी पाण्यात निववल्या, एक भट्टीतच सावकाश निवू दिली. शेठ, तुमच्या दांड्यातही हेच दाणे आहेत. तो पाण्यात न निववता भट्टीतच का ठेवलात?"

"पाण्याची टंचाई... मीच सांगितलं," शेठ पुटपुटले. "धोंडिराम नको म्हणाला होता. म्हणून त्याचंच नाव बाबांना..."

बाबांनी झोळी उचलली.

"उद्या ये, धोंडिराम," शेठ हळूच म्हणाले.

"मोठ्यानं बोला, शेठ. पापी ठरवलंत, ते सगळ्यांनी ऐकलं."

शेठना सारे पुन्हा, मोठ्याने सांगावे लागले.

वाचकहो, चमत्कार दाखविणाऱ्याला आधी विचारा, कांब कोणी आणली? ती कोठे तापली, कशी निवली? दैवी कौलाने कोणाची भाकरी हिरावली जात असेल, तर हे विचारण्याचे धैर्य आपलेच असले पाहिजे. आम्ही शंभर जण त्या दिवशी गप्प होतो.