न वाजलेली झाकणं

रस्त्यावर गटाराचे चेंबर चाळीस, दिसणारी झाकणं अडतीस. नगरपालिकेतल्या तरुण इंजिनिअर मुलीने जाताना मोजली, येताना मोजली. आकडा काही हलेना.

वर्षापूर्वी तिनेच हट्ट धरून ही झाकणं बसवून घेतली होती. काचतंतू आणि रेझिनची, लोखंडाच्या सव्वापट किमतीची. लोखंडी झाकणं चोरीला जातात कारण भंगारवाला ती घेतो, ही मात्र कोणी फुकटही उचलणार नाही, असं तिचं म्हणणं. सगळ्या शहरात हीच बसवायची का, ते उद्याच्या सभेत ठरणार होतं.

"चोर तुमचा अहवाल वाचत नाहीत, बाई," मोठे साहेब म्हणाले. "दोन गेली असतील तर उद्याचा विषय मागे घ्या. सभेत माझी शोभा नको."

हरवलेली दोन्ही रस्त्याच्या टोकाला होती, गेल्या आठवड्यात नवं डांबर पडलं तिथे. तिने डांबराच्या टोळीचा मुकादम गाठला. त्याला सगळे मामा म्हणत.

"आम्हाला काय विचारता, ताई?" मामा म्हणाले. "झाकणांवरूनच डांबर ओढायचं, मग झाकण शोधायचं यंत्र वरून फिरवायचं. वाजेल तिथे खोदून झाकण मोकळं करायचं. इतकी वर्षं हेच चाललंय. इथे यंत्र मुकं राहिलं, म्हणजे खाली काही नाही."

"यंत्र कशाने वाजतं, मामा?"

"लोखंडाने. आणखी कशाने वाजणार?" बोलता बोलता मामांचा हात हनुवटीवर गेला.

"आणि रोलर इथूनच फिरवलात ना? खाली झाकण नसतं तर?"

"तर रोलर गटारात असता आणि मी घरी."

चेंबर तीस-तीस मीटरवर होते. तिने शेवटच्या दिसणाऱ्या झाकणापासून टेप ताणली आणि खडूने फुली मारली. पहार चालली. खाली नुसती खडी.

"शास्त्र जरा डावीकडे सरकलंय," मामा म्हणाले.

वळणावर टेप सरळ धरली होती, हे तिच्या लक्षात आलं. या वेळी कडेकडेने मोजलं. डांबराची खपली निघाली आणि करडी नक्षी दिसली. पुढच्या तीस मीटरवर दुसरी. दोघांनी उचलायची आकडेदार चावी अडकवून झाकण उचललं. लोखंडी असतं तर चौघे लागले असते.

"याच्या पोटात एखादा खिळा ठोकून द्या, ताई," मामा म्हणाले. "आमच्या यंत्राची तरी लाज राहील."

तिने हिशेबात खोदाई धरली, चाळीस खिळेही धरले आणि साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला.

वर्षाअखेर जागेवर असलेली झाकणं: शेजारच्या रस्त्यावर लोखंडी, चाळीसपैकी सव्वीस, या रस्त्यावर चाळीसपैकी चाळीस. किंमत, गेलेल्यांच्या जागी नवी झाकणं आणि खोदाई धरून पहिल्या वर्षाचा एकूण खर्च: लोखंडापेक्षा सहा टक्के कमी.