घोडं

तिने चष्म्याची काडी उजेडात धरली आणि बिजागरीतला बारीक स्क्रू फिरवला. काउंटरपलीकडे एक मुलगी उभी होती. तिच्या पाठीवरची गिटारची पेटी डोक्याच्याही वर जात होती.

"लगेच होईल ना? आमच्या ड्रमरचा आहे. याच्याशिवाय त्याला काही दिसत नाही."

"बस. देते आत्ता."

चष्मा कोणाचा हे तिने आधीच ओळखलं होतं. फ्रेम तिनेच निवडून दिली होती. तेव्हा हा बँड गॅरेजमध्ये वाजवायचा आणि दाद म्हणून शेजाऱ्यांच्या शिव्या मिळायच्या. आता बसथांब्यामागच्या भिंतीवर त्यांची पोस्टरं होती आणि आज संध्याकाळी मैदानावर कार्यक्रम होता. मधल्या काळात वडिलांचे हात थरथरू लागले आणि दुकान तिच्या गळ्यात पडलं. दोन महिन्यांत परत येते, असं ती बँडला सांगून आली होती. बँडने तरी वाट किती बघायची?

"बेस वाजवतेस?" तिने विचारलं.

"वर्ष झालं. आज रेकॉर्ड कंपनीची माणसं येणारेत, आणि मला अजून ते घोडं जमत नाही."

"घोडं?"

"शेवटच्या गाण्यात सगळे थांबतात, मग पुन्हा सुरू होतात. बेस एक ठोका उशिरा येतो. लोकांना तेच आवडतं. त्या जागेला घोडं म्हणतात. का, ते कुणी सांगत नाही. गायक नुसता हसतो आणि ड्रमर काठ्या पुसत बसतो."

तिचा स्क्रूड्रायव्हर खाचेतून निसटला.

वरातीमागून घोडं. गायकानेच तिला हे नाव पाडलं होतं, कारण त्या जागी ती दर वेळी उशिरा यायची. पोरगी तालात कच्ची, असा सगळ्यांचा समज. ताल पक्का होता. पण तोवर ड्रमरचा चष्मा घामाने नाकावर घसरलेला असायचा. हातात काठी, म्हणून तो मनगटाने वर सारायचा आणि तिच्याकडे बघायचा. त्या बघण्यात तिचा ठोका जायचा. हे ती कुणाजवळ बोलली नव्हती, त्याच्याजवळ तर नाहीच.

"मोजू नकोस," ती म्हणाली. "ड्रमरकडे बघ."

"तुम्ही ऐकलंय गाणं?"

"ऐकलंय."

तिने काड्यांची टोकं गरम केली. थोडी सैल ठेवली असती, तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं. तिचा हात क्षणभर थांबला. पण सैल चष्मा देणं तिच्या हाताला माहीत नव्हतं. तिने टोकांना नीट बाक दिला.

"त्याला न बघताच?" मुलगी म्हणाली.

"अंदाजाने. आता कितीही घाम येऊ दे, घसरायचा नाही."

संध्याकाळी तिने शटर ओढलं आणि मैदान गाठलं. सवयीने ती कठड्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. मंचावर तिची जागा तीच होती. नवी मुलगी उजवीकडे वाजवत होती आणि छान वाजवत होती. आजूबाजूच्या लोकांना सगळे शब्द पाठ होते. तिला हेवा वाटला. कुणीतरी आपल्याला वर बोलवावं, असंही वाटून गेलं, आणि त्या वाटण्याची तिला लाज वाटली.

शेवटचं गाणं सुरू झालं. ड्रमर घामाने निथळत होता, पण चष्मा जिथल्या तिथे होता. काम चोख झालं होतं. असल्या चोख कामाचं काय करायचं, तिला कळेना.

मग सगळे थांबले. गर्दीही थांबली. मुलीने ड्रमरकडे पाहिलं.

चष्मा तसूभरही घसरला नव्हता. तरी ड्रमरचं मनगट वर गेलं, नाकापाशी टेकलं आणि त्याने तिच्या जुन्या जागेकडे मान वळवली. मंचावर तिकडे कुणीच नव्हतं, आणि दिव्यांच्या झोतात त्याला खालचं कुणी दिसणं शक्य नव्हतं.

बेस आला, एक ठोका उशिरा, अगदी बरोबर. मैदान ओरडलं. कठड्यावरची तिची बोटं त्यानंतर हलली, आणखी एक ठोका उशिरा.