हळू बोलायची सोय

कान-नाक-घशाच्या ओपीडीत हळू बोलून भागत नाही. तरुण डॉक्टरीणबाईंचा आवाज आताशा इतका चढला होता, की घरी आई म्हणायची, "अगं, बहिरे पेशंट तिकडे दवाखान्यात राहिले."

आज मात्र त्यांची पंचाईत झाली. समोर सुतार बसला होता. दोन्ही कान महिनोन्‌महिने वाहत होते, ऐकू जेमतेम येत होतं, तोंडात बुरशीचा पांढरा थर. एचआयव्हीची तपासणी करायची का, हे विचारलं तेव्हा ओपीडी रिकामी होती. ओरडून विचारता आलं होतं. तपासणीत लागण निघाली. आणि आज पडद्याआड रांग होती, पहिल्याच बाकावर त्याची बायको आणि मेहुणा. चिठ्ठी लिहावी, तर सुताराला वाचता येत नव्हतं. त्याने ती बाहेर जाऊन मेहुण्याच्याच हातात दिली असती. मग गावभर व्हायला कितीसा वेळ.

बाईंनी त्याचे कान स्वच्छ केले, स्टेथोस्कोप त्याच्याच कानात घातला आणि छातीला लावायची चकती तोंडाशी धरून हलकेच बोलल्या. आजार कोणता, गोळ्या कुठे मिळतात, त्या रोज घेतल्या तर माणूस कामधंदा करत म्हातारा होतो, सगळं सांगितलं.

सुताराने नळ्या काढून त्यांच्यापुढे धरल्या. बाईंनी त्या स्पिरिटने पुसल्या, ते कानातल्या पुवामुळे, आणि कानात घातल्या.

"हिलाही झालं असेल का?" चकतीतून आवाज आला.

तपासल्याशिवाय सांगता येत नाही, नळ्या परत त्याच्या कानात घालून बाई म्हणाल्या. आणि तपासायचं तर तिला कळायला हवं. तुम्ही सांगता की मी सांगू?

त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. सांगायचं ते त्यानेच. बाईंनी मेहुण्याला केसपेपरवर शिक्का आणायला पाठवलं. बायको आत आली, स्टूल ओढून टेकली.

"माझा आवाज मला कळत नाही," सुतार बाईंना म्हणाला. "चढला तर हात वर करा."

मग तिच्या कानाशी तोंड नेऊन तो बोलू लागला. बायकोने एकदा बाईंकडे बघितलं, पण मागे सरली नाही. बाईंना हात एकदाच वर करावा लागला. "औषध आहे," हे तो तिला दुसऱ्यांदा सांगत होता तेव्हा.